घरातलं कुत्रं, आजीची व्हीलचेअर आणि दोन दिवसांची विश्रांती

सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते आणि होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. शहर आनंदात असतं, पण त्याच वेळी कित्येक घरांत कुत्रं कॉटखाली थरथरत पडलेलं असतं आणि गर्दीत नेता येत नाही म्हणून आजी घरातच आवाज ऐकत बसलेली असते. अशा घरांना खरं तर दोन दिवस कुठेतरी शांत जागी जायचं असतं. पण आजीला झेपणार नाही, कुत्र्याला कोणी घेणार नाही, आणि जायचं तर लांबच जावं लागेल, असं धरून बेत रद्द होतो. यातलं बरंचसं ऐकीव आहे. जे खरं आहे, त्यावरही वाट निघते.

गैरसमज : विश्रांती म्हणजे महाबळेश्वर, कोकण, नाहीतर गोवा

थंड हवेची ठिकाणं डोंगरावर असतात आणि डोंगर म्हटला की चढ-उतार आलेच. माथेरानला तर दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जातच नाही. गुडघे गेलेल्या माणसासाठी अशा गावात खोलीबाहेर पडणं हीच मोहीम होऊन बसते. त्याआधी सहा-सात तास गाडीत बसून कंबर धरलेली असते, ते वेगळंच.

सोलापूरचा मुलूख सपाट आहे, आणि या कामी तीच त्याची मोठी जमेची बाजू. मंगळवेढा, अक्कलकोट, तुळजापूर या वाटांवर तासा-दीड तासात शेतावर पोहोचता येतं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. शेतावर राहण्याच्या सोयी त्याआधीपासून होत्या, धोरणामुळे त्यांना नोंदणीची चौकट मिळाली. तळमजल्यावरची खोली, पुढे अंगण आणि कुत्र्याला बांधायला सावलीचं झाड एवढं असलं, की अशा कुटुंबाचं निम्मं काम होतं.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्या. डिसेंबर-जानेवारीत शनिवार-रविवारी हुरडा पार्ट्या असतात. त्या दिवशी स्पीकर लागला, की शांतता गेलीच. म्हणून मधले वार धरा. दुसरी गोष्ट काळ्या मातीची. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं भुसभुशीत रानात रुततात आणि पावसानंतर त्यांना चिखलाचे गोळे चिकटतात. गाडी थांबते तिथपासून खोलीपर्यंत फरशी किंवा घट्ट मुरूम आहे का, हे आधी विचारा.

आणखी लांब जायचं असेल, तर पुणे रस्त्यावर उजनीच्या फुगवट्याकडे भिगवण आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला होडीतून जावं लागतं, पण बगळे आणि चित्रबलाक काठावरूनही दिसतात. होडीत चढणं जमत नाही म्हणून तिथे जाणंच टाळायचं कारण नाही. काठावर कुत्र्याचा पट्टा मात्र हातात हवा.

गैरसमज : ‘पेट फ्रेंडली’ आणि ‘व्हीलचेअर फ्रेंडली’ लिहिलंय म्हणजे काळजी मिटली

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ‘पेट फ्रेंडली’चा अर्थ एका ठिकाणी ‘कुत्रं तुमच्या खोलीत झोपू शकतं’ असा असतो, तर दुसऱ्या ठिकाणी ‘मागच्या पिंजऱ्यात ठेवा’ असा. कुठे फक्त लहान जातीची कुत्री चालतात, कुठे वेगळे पैसे पडतात. ‘व्हीलचेअर चालते’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा फक्त लिफ्ट असते. म्हणून ‘चालेल का?’ एवढंच विचारून थांबू नका. मापं विचारा.

साधी घडीची व्हीलचेअर 25-26 इंच रुंद असते. दारात निदान 900 मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट, मोकळी जागा मिळावी असं सरकारी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. खोलीचं दार बहुधा पुरतं, अडतं ते बाथरूमचं. चौकट पुरेशी वाटली तरी पल्ला उघडल्यावर मिळणारी वाट दोन-तीन इंचांनी कमी भरते आणि खुर्ची तिथेच अडकते. मालकाला टेप लावून फोटो पाठवायला सांगा. यात भिडस्तपणा नको.

रॅम्पचंही तसंच. उतार एकास बारा हवा, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबीचा रॅम्प. दोन पायऱ्यांवर फळी टाकून ‘आम्ही उचलून घेऊ’ म्हणणारे मनाने चांगले असतात, पण दिवसातून आठ वेळा उचलून घ्यायला कुठल्या आजीला आवडेल? तिला आपल्या मनाने अंगणात येता-जाता आलं, तर ती खरी विश्रांती. उंबरठा, कमोडशेजारचा दांडा, ओली झाल्यावर निसरडी होणारी शहाबादी फरशी आणि पलंगाची उंची यांचीही चौकशी करा. पलंग व्हीलचेअरच्या बैठकीइतका उंच असला, की सरकून जाता येतं. गाडीलाही हाच नियम. मोठी गाडी सोयीची असं आपण समजतो, पण उंच सीटवर चढणं जास्त जड जातं.

गैरसमज : कायद्याने कुत्र्याला नाकारता येत नाही, आणि रॅम्प ही मालकाची मर्जी

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं लोक पुढे करतात, पण ती निवासी सोसायट्यांसाठी आहेत. हॉटेलने कुत्र्याला खोली द्यावीच, असं बंधन त्यांत नाही. व्हीलचेअरचं तसं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 ने सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोकांच्या वापरातल्या खासगी इमारतीही घेतल्या आहेत. जुन्या इमारतींना सुगम होण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही. तेव्हा कुत्र्यासाठी विनंती करा, आणि रॅम्पसाठी हक्काने बोला.

गैरसमज : रेल्वेत कुत्रं नेताच येत नाही

नेता येतं. फर्स्ट एसीमध्ये दोन बर्थचं कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्याकडे असेल, तर कुत्रं सोबत राहू शकतं. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या कुत्र्याच्या पेटीत त्याचं बुकिंग होतं. टू-टायर, थ्री-टायर, स्लीपर आणि चेअर कारमध्ये परवानगी नाही. 10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झालेली सोलापूर–मुंबई वंदे भारत म्हणूनच इथे उपयोगाची नाही. बुकिंग न करता कुत्रं नेलं, तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होते. लसीकरणाचा दाखला जवळ ठेवा आणि पार्सल कार्यालयात बराच वेळ आधी पोहोचा.

ज्याला सोबत्याशिवाय प्रवास करता येत नाही, अशा अस्थिव्यंग प्रवाशाला आणि त्याच्या एका सोबत्याला फर्स्ट एसीत 50 टक्के सवलत मिळते. दोन तिकिटं झाली की कूपेची शक्यता होते, मात्र कूपे मिळालं की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं. ज्येष्ठ नागरिकांची जुनी सवलत मार्च 2020 पासून बंद आहे. दोन्हींची गल्लत करू नका, अस्थिव्यंगांची सवलत वेगळी आहे आणि तिला दाखला लागतो.

गैरसमज : माळरान मोकळंच आहे, सोडा की कुत्र्याला

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि त्याच्या आसपास हे अजिबात नको. माळढोकसारखे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. आपल्याकडची कारवानी आणि पश्मी कुत्री तर धावण्यासाठीच जोपासलेली. ससा किंवा काळवीट दिसलं, की मालकाची हाक त्यांच्या कानांवर पडत नाही. वन्यप्राण्याचा पाठलाग करवणं वन्यजीव कायद्यानुसार शिकारीत मोडतं.

आणि एप्रिल-मे टाळाच. सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत कुत्र्याला ‘पाचच मिनिटं’ ठेवणंही जिवावर बेतू शकतं.

शेवटी चार शब्द शेतावर खोल्या बांधणाऱ्या मंडळींना. एक तरी खोली तळमजल्यावर बिनउंबरठ्याची करा आणि तिच्या बाथरूमचं दार तीन फुटांचं ठेवा. बांधतानाच केलं तर खर्चात फारसा फरक पडत नाही. तोडून करायला मात्र दुप्पट खर्च आणि मनस्ताप येतो. आणि फोनवर कोणी दाराची रुंदी विचारली, तर कंटाळू नका, टेप घेऊन मोजा आणि खरा आकडा सांगा.