पालीचा पोळा आणि डेट्रॉईटचा गुरुवार

अन्न पिकवून देणाऱ्या शक्तीचे आभार मानण्यासाठी वर्षातला एखादा दिवस राखून ठेवण्याची रीत शेती करणाऱ्या बहुतेक समाजांत आढळते; परंतु हे आभार नेमके कोणाचे मानायचे, पीक हाती येण्याआधी मानायचे की नंतर, आणि घरात बसून मानायचे की चारचौघांत वाजतगाजत, याची उत्तरे प्रत्येक मुलखाने आपापल्या परीने दिली आहेत. बीड शहराच्या दक्षिणेस, सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, बिंदुसरा नदीवरील धरणाजवळ वसलेल्या पालीसारख्या गावी हा दिवस श्रावण अमावास्येला पोळ्याच्या रूपाने येतो, तर अमेरिकेत तो नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’, म्हणजे कृतज्ञतादिन, या नावाने पाळला जातो. या दोन सणांचा एकमेकांशी ऐतिहासिक संबंध काहीही नाही. तरीही मिरवणूक, धाव आणि अंगबळाचा खेळ ही तिन्ही अंगे दोन्हीकडच्या लोकजीवनात कृतज्ञतेच्या जोडीने नांदताना दिसतात, आणि म्हणूनच दोहोंचा एकत्र विचार करणे उद्बोधक ठरते.

अमेरिकेतील या सणाचे मूळ सामान्यतः १६२१ सालच्या एका भोजनात शोधले जाते. इंग्लंडहून येऊन प्लिमथ येथे वस्ती करून राहिलेले लोक आणि त्या प्रदेशातील मूळ रहिवासी असलेले वाम्पानोआग जमातीचे लोक यांनी पहिल्या सुगीनंतर ते एकत्र घेतले, असे सांगितले जाते. मात्र संपूर्ण देशाचा वार्षिक सण म्हणून त्याला स्थैर्य मिळाले ते यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी अब्राहम लिंकन यांनी काढलेल्या जाहीरनाम्यामुळे, आणि त्यामागे सारा जोसेफा हेल या संपादिकेने वर्षानुवर्षे केलेला पाठपुरावा होता. चौथा गुरुवार हा दिवस कायद्याने पक्का झाला तो १९४१ साली. या इतिहासाला एक दुखरी बाजूही आहे: मूळ रहिवाशांच्या वंशजांपैकी अनेक जण १९७० पासून याच दिवशी प्लिमथ येथे जमून शोकदिन पाळतात, कारण ज्यांच्या भूमीवर ती सुगी झाली त्यांच्या हातून पुढे ती भूमी गेली. आभाराच्या सणात ज्याचे देणे लागतो त्यालाच विसरले जाऊ शकते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बीडच्या संदर्भात तिचा विचार पुढे येईलच.

शेतीशी जोडलेला हा सण शहरांत शिरला तेव्हा त्याचे रूप पालटले, आणि तो घराच्या जेवणमेजावरून रस्त्यावर आला. बफेलो या शहरात १८९६ साली या दिवशी सुमारे आठ किलोमीटरची धावण्याची शर्यत झाली. तीत अवघे सहा जण धावले, पण तेव्हापासून अखंड चालत आलेल्या या शर्यतीचे अनुकरण पुढे असंख्य गावांनी आणि शहरांनी केले. फिलाडेल्फियात १९२० साली, तर न्यूयॉर्क आणि डेट्रॉईट येथे १९२४ साली मोठ्या मिरवणुका सुरू झाल्या, आणि त्या सुरू करणाऱ्या संस्था धार्मिक वा सरकारी नव्हत्या, तर एका छताखाली सर्व प्रकारचा माल विकणारी बडी दुकाने होती. न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत आरंभी प्राणिसंग्रहालयातून आणलेले जिवंत प्राणी चालत असत. १९२७ पासून वायू भरलेल्या प्रचंड आकृती, ज्यांना दोऱ्यांनी आवरत माणसांची पथके पुढे नेतात, तिचे मुख्य आकर्षण बनल्या.

डेट्रॉईटमध्ये ही तिन्ही अंगे एकाच शहरात, एकाच सकाळ-दुपारी पाहावयास मिळतात: पहाटे शर्यत, नंतर वुडवर्ड अव्हेन्यू या मुख्य रस्त्यावरून मिरवणूक, आणि दुपारी फुटबॉल. येथील फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळला जाणारा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या फळीतून मुसंडी मारत पुढे सरकण्याचा, अंगाला अंग भिडवणारा तो खेळ आहे. १९३४ साली ‘डेट्रॉईट लायन्स’ हा संघ नव्याने शहरात आला होता आणि प्रेक्षक मिळण्याची भ्रांत होती, तेव्हा नभोवाणी केंद्र चालवणारे संघमालक जॉर्ज रिचर्ड्स यांनी सुटीच्या या दिवशी शिकागोच्या बलाढ्य संघाशी सामना ठरवला आणि त्याचे देशभर प्रक्षेपण घडवून आणले. लायन्स तो सामना हरले, पण प्रेक्षागृह भरून गेले, आणि १९३९ ते १९४४ ही वर्षे वगळता ती प्रथा आजतागायत चालू आहे. मोटार उद्योगामुळे या शहराच्या आसपास बरीच मराठी कुटुंबे स्थायिक झाली असून तेथे महाराष्ट्र मंडळही आहे.

पोळ्याची घडण याहून वेगळी, आणि एका दृष्टीने अधिक खोल आहे. श्रावण अमावास्येला, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात वा सप्टेंबरच्या आरंभी, बालाघाटच्या डोंगररांगांच्या कुशीतील या शिवारांत खरिपाचे पीक अजून उभे असते. मूग-उडदाच्या शेंगा तेवढ्या काढणीला आलेल्या असतात, बाजरी, कापूस, तूर आणि सोयाबीन यांचे काय होणार हे परतीच्या पावसावर अवलंबून असते. म्हणजे अमेरिकन शेतकरी कणगी भरल्यावर आभार मानतो, तर मराठवाड्यातील शेतकरी पीक हिरवे असतानाच, पदरात काय पडेल हे ठाऊक नसताना, नांगरट, पेरणी आणि कोळपणी पार पाडणाऱ्या बैलाचे आभार मानतो. हे आभार उत्पन्नाचे नसून कष्टाचे आहेत. २०१२-१३ किंवा २०१५-१६ यांसारख्या दुष्काळी वर्षांत या भागाने जे सोसले ते पाहता, उत्पन्नावर बेतलेला सण येथे टिकला असता की नाही याची शंका वाटते; कष्टावर बेतलेला मात्र टिकला.

सणाचा खरा गाभा आदल्या दिवशीच्या खांदेमळणीत आहे. त्या दिवशी बैलाच्या मानेचा आणि खांद्याचा, जेथे वर्षभर जू टेकलेले असते तो भाग गरम पाण्याने शेकून त्यावर हळद आणि लोणी वा तूप चोळले जाते, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण बैलालाच दिले जाते. जुवाच्या सततच्या घासण्याने खांदा सुजतो, कातडी घट्टे पडून जाड होते, कधी जखम होऊन ती चिघळते. ओझे वाहणाऱ्या जनावराच्या या दुखण्यावर हात फिरवणे हा विधी आणि उपचार दोन्हीही आहे. घरधन्याच्या बोटांना खांद्याची गाठ त्या दिवशी लागते, आणि पुढच्या कामाला हा बैल किती चालेल याचा अंदाजही तेव्हाच येतो.

दुसऱ्या दिवशी बैलाला ओढ्यावर वा नदीवर धुतले जाते, कामाला पूर्ण सुटी असते आणि खांद्यावर जू ठेवले जात नाही. नवी वेसण, नवी म्होरकी आणि नवा कासरा येतो. शिंगे रंगवून त्यांवर पितळी शेंब्या चढवतात, गळ्यात घुंगरमाळा, कपाळाला बाशिंग आणि पाठीवर झूल घालतात. सायंकाळी सारे बैल गावच्या वेशीपाशी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे केले जातात, मराठवाड्यात अनेक ठिकाणी मंगलाष्टके म्हणून त्यांचे लग्न लावले जाते, आणि मानाचा बैल पुढे निघाल्यावर बाकीचे मारुतीच्या देवळाकडे वाजतगाजत निघतात. घरी आल्यावर सुवासिनी बैलाचे पाय धुऊन ओवाळतात आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याला भरवतात. मिरवणुकीतील या मानापानावरून पूर्वी गावागावांत तंटेही झाले आहेत, आणि ज्यांच्या दावणीला बैल नाही अशी घरे काठावरूनच हा सोहळा पाहत आली आहेत. सणाचे गुणगान करताना हे लपवण्यात अर्थ नाही. २०२० साली करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रात पोळ्याच्या सार्वजनिक मिरवणुकांना मनाई झाली, तर त्याच वर्षी न्यूयॉर्कची मिरवणूक प्रेक्षकांविना केवळ दूरचित्रवाणीसाठी काढली गेली.

शर्यती आणि कुस्त्या पोळ्याच्या दिवशी नव्हे, तर बहुधा सुगीनंतरच्या जत्रांत होतात. बैलांच्या शर्यतीला विदर्भात व मराठवाड्यात शंकरपट म्हणतात. पुणे परिसरात ती ‘घाट’ नावाच्या चढाच्या धावपट्टीवर, तर सातारा-सांगलीकडे मोकळ्या माळावर हलक्या छकड्यांनी खेळली जाते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी प्राण्यांना होणाऱ्या क्रौर्याच्या कारणावरून अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शर्यतीच्या बाजूचे लोक परंपरेचा दाखला देतात आणि तो खोटा नाही. परंतु ज्या परंपरेने खांद्याला लोणी लावले तिचेच नाव घेऊन त्याच जनावराला पराणी टोचणे समर्थनीय ठरत नाही, आणि न्यायालयाने घातलेल्या अटी कागदावर न राहता प्रत्यक्ष पाळल्या जाणे यातच त्या परंपरेची अब्रू आहे. जत्रेतील कुस्त्यांच्या फडाबद्दल एवढेच सांगणे पुरे की, नारळावरच्या लहान मुलांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामी कुस्तीपर्यंत चढत जाणारा तो कार्यक्रम डेट्रॉईटच्या दुपारच्या सामन्याइतकाच गर्दी खेचतो.

शहर आणि सण यांच्या नात्याचे एक अगदी उलटे उदाहरण शेजारच्या लातूर जिल्ह्यात आहे. मार्गशीर्ष अमावास्येला येणारी वेळा अमावास्या, जिला बोलीत ‘येळवस’ म्हणतात, ही लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि बीडच्या अंबाजोगाईकडच्या भागात काळ्या आईच्या पूजेचा दिवस आहे. शेतात कडब्याची कोप उभारून तीत पांडवांच्या रूपाने दगड मांडले जातात, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, हिरव्या शेंगांच्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर यांचा नैवेद्य दाखवला जातो आणि उभ्या रब्बीच्या पिकात आंबील शिंपडली जाते. या दिवशी लातुरात स्थानिक सुटी असते, बाजारपेठ ओस पडते आणि ज्याला शेत नाही तो शहरवासीही कोणाच्या तरी शिवारात पाहुणा म्हणून जातो. अमेरिकेत कृतज्ञतेचा दिवस साजरा करायला माणसे शहराच्या रस्त्यावर लोटतात. लातुरात शहर रिकामे होते. भूमिहीनालाही पानावर बसवणारी ही पद्धत कोणत्याही भव्य मिरवणुकीपेक्षा मोलाची आहे.

आता प्रश्न उरतो तो ट्रॅक्टरच्या काळात पोळ्याचे काय होणार हा. चाऱ्याची टंचाई, जमिनीचे तुकडे आणि भाड्याने मिळणारी यंत्रे यांमुळे दावणीचे बैल घटत चालले आहेत, आणि अनेक घरांत आता मातीच्या बैलांची पूजा होते. तरीही बीड जिल्ह्यात बैल पूर्णपणे निवृत्त झालेला नाही, कारण येथील लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात आणि त्यांच्यापैकी अनेकांची बैलजोडीही बरोबर जाते. पती-पत्नीच्या जोडीला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात, हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. फडातून कारखान्यापर्यंत उसाने शिगोशीग भरलेली टायरगाडी ओढणाऱ्या बैलाच्या खांद्यावर जो भार येतो तो कोळपणीच्या भारापेक्षा कितीतरी अधिक असतो. पोळ्याची झूल उतरल्यानंतर काही आठवड्यांतच हा प्रवास सुरू होतो. म्हणजे ज्याचे आभार मानले त्याच्या वर्षातल्या सर्वांत कठीण कामाला तेव्हा तोंड फुटते, आणि त्या कामात बैलाच्या जोडीला त्याचा धनी, धनीण आणि पुष्कळदा त्यांची लेकरेही असतात.

पोळ्याने कष्टकऱ्याला नावानिशी ओळखून त्याच्या दुखऱ्या खांद्याला हात लावण्याची जी रीत घालून दिली, ती बैलापाशी थांबण्याचे कारण नाही. पालीसारख्या गावांच्या ग्रामपंचायतींनी आणि पोळ्याचा खर्च उचलणाऱ्या मंडळांनी खांदेमळणीच्या दिवशीच गावात पशुवैद्यकाला बोलावून तोडीला जाणाऱ्या प्रत्येक जोडीचे खांदे आणि खूर तपासून घ्यावेत, आणि त्याच ठिकाणी, त्याच दिवशी, तोडीला जाणाऱ्या स्त्री-पुरुषांची नोंदणी व आरोग्यतपासणी उरकून त्यांच्या मुलांची नावे हंगामी वसतिगृहासाठी लिहून घ्यावीत. यासाठी नवा सण लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी गाव तसेही एकत्र आलेले असते.