ओल्या काडीचे ओठ

तळवड्यात इंद्रायणीच्या काठी सुबाभळीची वाळकी फांदी उचलली, तेव्हा तिच्यावर नुसते काळे चट्टे दिसत होते. दहापट भिंगाखाली त्या चट्ट्यांचे मिटलेले ओठ झाले, दोन-तीन मिलिमीटर लांब, कडांवर बारीक चरे.

फांदी कागदी पाकिटात घातली. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि घरी पोचेपर्यंत भलतीच बुरशी माजते. पाकिटावर तारीख, जागा, साल शाबूत आहे की गळली, आणि झाडाचं नाव. यातलं झाडाचं नाव कधीच चुकवू नये. बुरशांच्या कित्येक जाती ठरावीक झाडाच्याच मेलेल्या काडीवर येतात.

घरी ताटलीत ओल्या टिपकागदावर काडी ठेवली. थोड्या वेळाने ओठ उघडले, आत विटकरी तांबडा थर. कोरडं पडलं की मिटायचं, भिजलं की उघडायचं. कितीदा पाहिलं तरी मी या वेळी ताटलीपाशीच बसून राहते.

मग ब्लेडने पातळ काप. दहातले आठ जाड निघतात, ते टाकून द्यायचे. पहिला काप साध्या पाण्यातच बघावा, कारण रंगद्रव्यांनी पेशी मरतात आणि खरा आकार हरवतो. सूक्ष्मदर्शकात लांबट पिशव्या दिसल्या, पिकलेल्या पिशवीत ओळीने आठ बीजाणू. ‘ॲस्कस’ हा ग्रीक शब्द कातड्याच्या पिशवीचा. आपल्याकडे तिला पखाल म्हणतात. अशा पिशव्या धरणाऱ्या बुरशांच्या गटाचं नावच पखालीवरून पडलं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून ज्या बुरशीच्या जोरावर पेनिसिलिन तयार झालं, ती पेनिसिलियमही याच गोतातली.

इथली पखाल दुपदरी होती. बीजाणू सोडताना बाहेरचा पदर टोकाशी फाटतो आणि आतला लांब ताणत वर येतो. दुसऱ्या कापावर मेल्झरचं आयोडीन सोडलं. टोकाशी निळं कडं उमटलं असतं तर झायलेरियाच्या कुळाकडे वळले असते, उमटलं नाही. बीजाणू तपकिरी, तीन आडव्या पडद्यांनी चार खणांत वाटलेले. एकाच्या मापावर विसंबायचं नाही, म्हणून वीस मोजले. बहुतेक पंचवीस ते तीस मायक्रोमीटर भरले. ओठ, तांबडा थर, दुपदरी पखाल, चार खण: हे सगळं जुळलं, तेव्हा कुठे ‘ऱ्हायटिडहिस्टेरॉन रुफुलम’ लिहिलं. नमुना सुकवून जपला नाही तर असल्या नावाला आधार उरत नाही. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेच्या अजरेकर हर्बेरियममध्ये वाळवलेल्या बुरशा जपून ठेवतात, त्या याचसाठी.

त्याच फांदीच्या दुसऱ्या टोकाला सालीखाली गाडलेले ठिपके होते, फक्त मान बाहेर. कापून पाहिलं तर पखाली रिकाम्या, बीजाणू धरलेच नव्हते. कच्च्या नमुन्याला नाव द्यायचं नाही. पाकिटावर पेन्सिलीने ‘सुबाभूळ, कच्चं’ एवढंच लिहिलं. भाद्रपदात त्याच झाडाखाली पुन्हा जाईन.