कागदावरचे वय आणि कातडीवरचे वय

इंदापूरच्या तहसील कचेरीत श्रावणबाळ निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन येणाऱ्याला आपल्या वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्याचा दाखला द्यावा लागतो. आणि ज्याच्या जन्माची नोंद गावच्या दफ्तरात सापडत नाही, शाळेचे तोंडही ज्याने कधी पाहिले नाही, अशाला तो दाखला सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याकडून आणावा लागतो. चेहरा पाहून वय ठरवणे हे काम मात्र वाटते तितके सोपे नाही. निमगाव केतकीकडची एखादी शेतमजूर बाई पाहणाऱ्याला सत्तरीची वाटावी आणि ती पंचावन्नचीच निघावी. उलट बारामतीच्या कसब्यात पेढीवर बसून हयात घालवलेला, उन्हात पाऊल टाकताना छत्री न विसरणारा एखादा गृहस्थ सत्तरी ओलांडूनही साठीचा दिसावा, असे नेहमीच घडते. ज्याला आपण म्हातारपण म्हणून ओळखतो त्याचा मोठा हिस्सा वयाचा नसून उन्हाचा, धुराचा आणि श्रमाच्या परिस्थितीचा असतो, ही गोष्ट त्वचाशास्त्राने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुरती प्रस्थापित केली आहे. तथापि सामान्य माणसाच्या मनात ती अद्याप रुजलेली नाही.

तिची खातरजमा करण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचेही कारण नाही. पन्नाशी उलटलेल्या कोणाही शेतकऱ्याने सदऱ्याची बाही वर सारून दंडाची आतली बाजू पाहावी आणि मग मनगटाची वरची बाजू पाहावी: दोन्ही ठिकाणची कातडी एकाच दिवशी जन्मलेली, एकाच रक्तावर पोसलेली, परंतु एकीकडे ती मऊ, एकरंगी आणि फार तर किंचित सैल झालेली दिसेल, तर दुसरीकडे खरखरीत, डागाळलेली, चिरांनी भरलेली. दंडाच्या आत दिसते ते निव्वळ वय. मनगटावर त्यात जी भर पडलेली दिसते ती उन्हाची.

या निव्वळ वयाचे कार्य आधी पाहू. त्वचेचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, अखंड झडत आणि नव्याने घडत असतो. तरुणपणी ही फेरी सुमारे चार आठवड्यांत पुरी होते आणि उतारवयात तिला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो, म्हणूनच म्हाताऱ्या माणसाची कातडी निस्तेज दिसते आणि खरचटलेले लवकर भरून येत नाही. सुरकुतीचे मूळ मात्र त्याखालच्या अंतस्त्वचेत असते. तेथे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे चिवट तंतू आडवेतिडवे विणलेले असतात आणि त्यांच्या जोडीला इलॅस्टिनचे लवचिक तंतू असतात. बाजेची सुंभे जुनी होऊन ढिली पडली की तिला जशी झोळ येते, तशी ही वीण विस्कटली की वरची कातडी खाली ओघळते. प्रौढपणात कोलॅजन दरसाल साधारण एक टक्क्याने घटत जाते. त्वचेतील कोलॅजनचे अर्धे आयुष्यच सुमारे १५ वर्षांचे असल्यामुळे एकदा बिघडलेला तंतू दीर्घकाळ तसाच राहतो, आणि नवे तंतू घडवणाऱ्या पेशींचा उत्साहही अमर्याद नसतो. अमेरिकन शास्त्रज्ञ लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवून दिले की मानवी शरीरातून काढून काचपात्रात वाढवलेल्या अशा पेशी सुमारे पन्नास वेळा विभागल्या की विभागणे थांबवतात. ही मर्यादा राजाला आणि रंकाला सारखीच लागू आहे; तिच्यापुढे कोणाचा वशिला चालत नाही.

उन्हाचे मात्र तसे नाही, ते ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे वाट्याला येते. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके सुमारे १८ अक्षांशावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले आहेत. येथे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैअखेरीस सूर्य भर दुपारी अगदी माथ्यावर येतो, आणि पावसाळ्याचे थोडे दिवस वगळता आकाश बहुतेक निरभ्र असते. सूर्याच्या जंबुपार किरणांपैकी दोन प्रकार जमिनीपर्यंत पोहोचतात. आखूड लहरींचे, ज्यांना ‘बी’ म्हणतात ते, बाह्यत्वचेतच अडतात, तिला भाजतात आणि पेशींच्या केंद्रातील जनुकद्रव्याची मोडतोड करतात. लांब लहरींचे ‘ए’ किरण प्रमाणाने कितीतरी अधिक; ते भाजत नाहीत, जाणवत नाहीत, परंतु थेट अंतस्त्वचेपर्यंत शिरतात. दोहोंच्या माऱ्याने त्वचेत कोलॅजन कुरतडणारी विकरे जागी होतात आणि त्याच वेळी नव्या कोलॅजनची निर्मिती मंदावते. प्रत्येक दुपारी होणारी ही तूट नगण्य असते. चाळीस वर्षांच्या दुपारांची तूट मात्र मानेवर स्पष्ट वाचता येते.

मानेवर, असे मी मुद्दाम म्हटले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी दर्यावर्दी खलाशांच्या जाड, चामड्यासारख्या झालेल्या कातडीचे वर्णन केले. पुढे थोड्याच वर्षांत फ्रान्समधील बोर्डो येथील द्युब्रय यांनी द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांच्या त्वचेवर तसेच विकार पाहून त्यांचा संबंध सूर्यप्रकाशाशी जोडला. बोर्डोच्या त्या मळेकऱ्यांची आठवण इंदापूरच्या द्राक्षबागांतून जाताना यावी हे स्वाभाविक आहे. खाली वाकून काम करणाऱ्याच्या मानेची मागची बाजू पिढ्यान् पिढ्या उन्हाला उघडी राहते, आणि तेथे शंकरपाळ्याच्या आकाराच्या खोल रेघांची जी जाळी उमटते तिला वैद्यकात स्वतंत्र नावही मिळालेले आहे.

आपल्या तपकिरी कातडीने या बाबतीत आपल्यावर उपकार केले आहेत हे कबूल केले पाहिजे. मेलॅनिन हे रंगद्रव्य किरणे शोषून घेते, त्यामुळे गोऱ्या युरोपीय माणसाच्या चेहऱ्यावर ज्या वयात सुरकुत्यांचे जाळे पसरते त्या वयात आपल्याकडे ते सहसा दिसत नाही, आणि त्वचेचा कर्करोगही आपल्याकडे तुलनेने विरळा. परंतु या संरक्षणाची किंमत निराळ्या नाण्यात मोजावी लागते: रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चेतवल्या गेल्यामुळे आपल्या चेहऱ्यावर सुरकुतीच्या आधी डाग येतात, गालांवर वांग पसरतो, कपाळ काळवंडते. ढगाळ हवेने निश्चिंत होण्यातही अर्थ नाही. विरळ ढगांतून जंबुपार किरणांचा फार मोठा भाग खाली येतो, त्यामुळे आषाढात तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती, सणसर, अंथुर्णे असे मुक्काम करीत इंदापुराकडे चालणाऱ्या वारकऱ्याला ऊन लागले नाही असे वाटले तरी त्याच्या कातडीला ते लागलेलेच असते.

काचेचाही भरवसा धरू नये. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या मालमोटारचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याने २८ वर्षे गाडी हाकली होती. खिडकीकडील त्याचा डावा गाल जाड, लोंबता आणि खोल सुरकुत्यांचा झालेला, आणि उजवा गाल मात्र त्यामानाने पुष्कळ कमी सुरकुतलेला. दरवाजाच्या साध्या काचेतून ‘ए’ किरण सहज आरपार जातात, हे त्याचे कारण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा भिगवण-इंदापूरवरून पुणे-सोलापूर रस्त्यावर आयुष्य काढलेल्या चालकांनी आरशात उजवा गाल आणि उजवा हात नीट न्याहाळून पाहावा.

आता ज्या माणसांच्या बाबतीत ही सर्व कारणे एकवटतात त्यांच्याकडे वळतो. नीरेच्या डाव्या कालव्याने या मुलखात ऊस आणला, उसाने कारखाने आणले: वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, आणि कारखान्यांनी दर हंगामात दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि नगरकडून येणारे ऊसतोड कामगार आणले. नवरा-बायको मिळून मोजला जाणारा ‘एक कोयता’ मुकादमाची उचल फेडण्यासाठी मार्च-एप्रिलपर्यंत फडात उभा असतो. बाईच्या अंगात साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा असतो, तो उसाच्या पात्यांनी कातडी चिरू नये म्हणून. उन्हापासूनही तो तिला वाचवतो, ही अनायासे झालेली सोय. पण चेहरा, मान आणि हात उघडेच राहतात. संध्याकाळी कोपीपुढे, म्हणजे झोपडीपुढे, तीन दगडांची चूल पेटते आणि धुराची पाळी येते. घरात लाकूडफाटा जाळून स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या अधिक आढळतात, असे चीनमधील एका अभ्यासात दिसून आले आहे. आणि पुरुषाच्या हातातील विडी तर रक्तवाहिन्या आकसून आणि तीच कोलॅजनभक्षक विकरे वाढवून आतून तेच काम करते.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. स्त्रीच्या त्वचेतील कोलॅजन इस्ट्रोजेन या अंतःस्रावावर फार अवलंबून असते. पाळी कायमची थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्यातील सुमारे ३० टक्के कोलॅजन नाहीसे होते. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढून टाकली तर ही घसरण तत्काळ सुरू होते, आणि ती ठेवली तरी पुष्कळदा पाळी जाण्याचा काळ अलीकडे येतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली, आणि त्यांतल्या कित्येकींचे वय चाळिशीच्या आतले होते. तिशीत ज्या स्त्रीची ही शस्त्रक्रिया झाली तिचा चेहरा चाळिशीत पोक्त का दिसतो, हा प्रश्न त्वचेचा म्हणून विचारता येतो; त्याचे उत्तर मात्र केवळ त्वचेपाशी थांबत नाही. माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था ऊन, अवर्षण आणि क्षार यांचा ताण पिकांना कसा सोसवतो याचा कसून अभ्यास करते. त्याच शिवारात ते पीक तोडणाऱ्याच्या कातडीची विचारपूस मात्र फारशी होत नाही, हे मला खटकते.

साखरेचा उल्लेख आला आहे तर तिचीही एक बाजू सांगतो, कारण ती या मुलखाला विशेष लागू आहे. रक्तातील शर्करा कोलॅजनच्या तंतूंना हळूहळू चिकटते, तंतूंमध्ये कायमचे सांधे बांधते आणि ते ताठर व ठिसूळ होतात. ही क्रिया प्रत्येकात चालते, अनियंत्रित मधुमेह असलेल्यात अधिक वेगाने चालते. चहात साखर मोजून घालावी हा सल्ला साखरेच्या मुलखात फारसा रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

उपायांच्या नावाखाली जो बाजार भरतो त्यातील एक वस्तू उपाय नसून अपाय आहे, आणि तिच्याबद्दल जरा कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. वांग जावा, रंग उजळावा म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मलमांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा खरोखरच उजळतो, शेजारीणही तीच ट्यूब आणते. पुढे कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमे आणि लव वाढते, आणि मलम थांबवताच आग सुटते म्हणून ते थांबवता येत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली; अंमलबजावणीची गोष्ट वेगळी. कोलॅजनची भुकटी दुधातून घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पोटात गेलेले कोणतेही प्रथिन आधी पचून तुटते. डाळ-उसळ त्याहून स्वस्त आहे. खरोखर गुणकारी ठरलेले ट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व ‘अ’चे रूप १९८० च्या दशकापासून वापरात आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आणि गरोदरपणात अजिबात नव्हे.

प्रतिबंधाचा पुरावा अधिक भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर येथे साडेचार वर्षे चाललेल्या प्रयोगात रोज सूर्यरोधक मलम लावणाऱ्यांची त्वचा, मनास येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत, २४ टक्के कमी वार्धक्य दाखवणारी आढळली. हे मलम मजुराच्या खिशाला परवडणारे नाही हे उघड आहे. पण घट्ट विणीचे गडद रंगाचे कापड ते काम पुष्कळ अंशी करते, घामाने भिजलेले पातळ पांढरे सुती कापड मात्र फारसे करत नाही. मानेवर रुळणारे फडके, रुंद काठाची टोपी आणि सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात मिळेल तेवढी सावली, याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

तेव्हा बागाईतदारांना, मुकादमांना आणि कारखान्यांच्या संचालकांना एक विनंती करतो. येत्या हंगामात कोयत्यामागे दोन जाड सदरे आणि दोन टोप्या द्याव्यात, फडाच्या बांधावर सावलीचे एक कापड ताणून द्यावे, आणि भर दुपारची तोड सकाळ-संध्याकाळवर ढकलता येते का हे या वर्षीच करून पाहावे.