मुठीचे बळ आणि ‘सर्वसाधारण’ माणूस

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीत व्यवहाराचे शहाणपण आहे. मूठ झाकलेली असेपर्यंत तिच्यात किती आहे, हे विचारण्याचा अधिकार कोणाला नसतो. वैद्यकशास्त्राला मात्र ही सवलत घेता येत नाही. तेथे मूठ मोजावीच लागते. समजा, यंत्रात हात सापडलेला एक कामगार आहे. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, सहा महिने व्यायामही झाला. उपचार करणाऱ्याने त्याच्या हाती बलमापक दिला आणि शक्य तितक्या जोराने दाबावयास सांगितले. काटा २४ किलोवर थांबला. हा हात बरा झाला म्हणावयाचे की अधू राहिला म्हणावयाचे? २४ हा आकडा स्वतः काहीच बोलत नाही. निरोगी माणसाच्या मुठीत सर्वसाधारणपणे किती बळ असते, हे ठाऊक असेल तरच त्याला अर्थ येतो.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हे. कामगारांच्या नुकसानभरपाईसंबंधीच्या १९२३ च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे धरले जात असे. परंतु पाचही बोटे शाबूत असून पकडीतील जोरच गेला असेल तर त्या अनुसूचीत त्यासाठी ओळ नव्हती. तेथे वैद्यकीय तज्ज्ञाच्या मूल्यमापनावर सारे अवलंबून राहत असे. अशा वेळी दुखावलेल्या हाताची दुसऱ्या हाताशी तुलना करण्याचा प्रघात आहे. उजवा हात डाव्यापेक्षा सुमारे दहा टक्के बलवान असतो, हा त्यामागील ठोकताळा. पण डावखुऱ्यांमध्ये हा फरक बहुधा आढळत नाही. आणि संधिवातासारख्या व्याधीत दोन्ही हात दुबळे झाले असतील, तर तुलना कशाशी करावयाची? म्हणूनच निरोगी समाजाचे प्रमाणमान लागते.

वरवर पाहता हे काम सोपे वाटते. निरोगी माणसे जमवावी, त्यांच्या मुठी मोजाव्या आणि सरासरी काढावी. प्रत्यक्षात कोपर सरळ ठेवले की वाकवले, मनगट किती वळले, उपकरणाची मूठ किती रुंद ठेवली, एवढ्यावरही आकडा बदलतो. १९५४ साली वर्णिलेल्या ‘जामार’ या द्रवदाबावर चालणाऱ्या बलमापकाची मूठ पाच ठिकाणी बसवता येते, ती याच कारणासाठी. अमेरिकेतील हस्तोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने १९८१ मध्ये याला शिस्त लावली: व्यक्तीने बसावे, खांदा अंगालगत असावा, कोपर काटकोनात असावे आणि तीन प्रयत्नांची सरासरी घ्यावी. त्यानंतर १९८५ मध्ये मिल्वॉकी परिसरातील २० ते ९४ वर्षे वयाच्या सहाशेहून अधिक स्त्री-पुरुषांची मापे प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या उपचार केंद्रांत ती प्रमाण म्हणून वापरली जाऊ लागली. एका अमेरिकन शहराच्या आसपासचे स्वयंसेवक अशा रीतीने दूरदेशीच्या हातांचे मानदंड ठरले.

दुसऱ्याच्या मापाने तिसऱ्याला तोलण्याचा हा दोष जुना आहे. फ्रान्समध्ये एद्म रेन्ये याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पोलादी स्प्रिंगचा बलमापक तयार केला. तो घेऊन फ्रान्स्वा पेरों हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ बोदँच्या मोहिमेबरोबर १८०० मध्ये दक्षिणेकडे निघाला. टास्मानिया, ऑस्ट्रेलिया आणि तिमोर येथील रहिवाशांच्या हाती त्याने ते उपकरण दिले आणि आकडे मांडले. टास्मानिया व ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी तळाशी, तिमोरचे मध्ये, फ्रेंच त्यांच्या वर आणि इंग्रज सर्वांत वर, असा क्रम त्याने लावला. संस्कृती वाढते तसे शरीरबळही वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. मोजलेली माणसे प्रत्येक गटात थोडीच होती, उपकरण त्यांना अपरिचित होते आणि परक्याच्या आज्ञेवरून जीव तोडून जोर लावण्याचे त्यांना कारणही नव्हते. हे लक्षात न घेता एका काट्याच्या हालचालीवरून मानवजातीची उतरंड रचली गेली. काटा खोटे बोलला नव्हता; खोटा होता तो त्यावरून काढलेला अर्थ.

यावर सहज सुचणारा उपाय असा की, प्रत्येक समाजाचे माप वेगळे असावे. भारतीयांसाठी भारतीय प्रमाणमान असावे. त्यात तथ्य आहे. २०१४ मध्ये ब्रिटनमधील बारा अभ्यास एकत्र करून सुमारे ५० हजार व्यक्तींच्या पकडीचा आलेख मांडण्यात आला. त्यात पुरुषांचे मध्यमान तिशीत ५१ किलोपर्यंत, तर स्त्रियांचे ३१ किलोपर्यंत पोहोचते. पुढे २०१६ मध्ये २१ देशांतील सव्वा लाख निरोगी प्रौढांची मापे प्रसिद्ध झाली. त्यांत युरोप व उत्तर अमेरिका वरच्या बाजूस, तर दक्षिण आशिया, आग्नेय आशिया व आफ्रिका खालच्या बाजूस आढळले. तेव्हा ब्रिटिश आलेखाने भारतीय शेतमजुराला तोलले तर तो उगाच रोगी ठरेल, ही भीती रास्त आहे.

परंतु या उपायाच्या पोटात दुसरा धोका दडलेला आहे. ‘निरोगी’ कोणाला म्हणावयाचे? अशा पाहण्यांत हाताला दुखापत झालेले वा ज्ञात व्याधी असलेले लोक वगळले जातात. अर्धपोटी राहिलेले वगळले जात नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी आहे, तेथे आढळणारी सरासरी पकड ही निरोगीपणाची सरासरी आहे की अभावाची? ती ‘भारतीय स्त्रीसाठी सर्वसाधारण’ म्हणून छापली गेली की उपासमारीला शास्त्राचा दाखला मिळतो. पेरोंने दुबळेपणाला हीनत्व म्हटले. येथे दुबळेपणालाच स्वभाव म्हटले जाईल. दोन्हींतून निघणारा व्यवहार एकच, की करण्यासारखे काही नाही.

आणि करण्यासारखे पुष्कळ असू शकते. १७ देशांतील, भारतासह, सुमारे एक लाख ४० हजार व्यक्तींच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पकड दर पाच किलोंनी कमी असण्याशी मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक असण्याचा संबंध त्यांत दिसून आला. केवळ मूठ आवळण्याच्या व्यायामाने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. मुठीतील बळ हा साऱ्या देहाच्या जमाखर्चाचा एक स्वस्त आणि झटपट मिळणारा ताळा आहे. प्रमाणमानच खाली ओढले तर हा इशारा ऐकूच येणार नाही.

या पेचातून वाट काढल्याचे एक उदाहरण उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालकांच्या वाढीची जी प्रमाणे प्रसिद्ध केली, ती सरसकट सर्व मुले मोजून केलेली नव्हती. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील, स्तनपान, पोषण व आरोग्यसेवा यांची उणीव नसलेल्या घरांतील मुले त्यासाठी निवडली होती. मुले कशी वाढतात यापेक्षा मुलांनी कसे वाढावे, हा प्रश्न तेथे विचारला गेला. आणि लहान वयात या सहा देशांतील मुलांची उंची परस्परांशी आश्चर्यकारक रीतीने जुळली. प्रौढांच्या हातांबाबत उत्तर अगदी तसेच येईल असे नाही. उंची, हाताचा आकार व आयुष्यभराचे काम यांचा वाटा तेथे राहीलच. पण प्रश्न विचारण्याची रीत तीच असावयास हवी.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीत देशभरातील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता आणि तीत पकडशक्तीही मोजण्यात आली. म्हणजे साधने आहेत, मनुष्यबळ आहे, अनुभवही आहे. आता दोन स्वतंत्र तक्ते हवेत. एक, आज प्रत्यक्ष आढळणाऱ्या बळाचा; दुसरा, पोटभर अन्न व पुरेशी आरोग्यसेवा लाभलेल्या भारतीयांच्या बळाचा. अपघातात हात गमावलेल्या कामगाराचा न्याय करताना पहिला तक्ता उपयोगी पडेल, कारण त्याचे किती नुकसान झाले हे त्याच्याच बरोबरीच्यांशी ताडून पाहावे लागते. दुसरा तक्ता मात्र त्या कामगारापुढे नव्हे, राज्यकर्त्यांपुढे ठेवावयास हवा. या दोहोंमध्ये जे अंतर पडेल, त्यातील बराचसा भाग निसर्गाचा नसून समाजव्यवस्थेचा असेल. आणि तो भरून काढण्याचे दायित्व दुबळ्या मुठीच्या माणसावर टाकता येणार नाही.