लिव्हरची दुसरी पाळी

उंदराचं लिव्हर रोज रात्री फुगतं आणि दिवसा पुन्हा आटतं. थोडंथोडकं नाही, चाळीस टक्क्यांहून जास्त. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली हे मोजून दाखवलं. उंदीर निशाचर, त्यामुळे त्याचं जेवण रात्रीचं. रात्रभर लिव्हरच्या पेशी प्रथिनं तयार करत मोठ्या होतात आणि तो झोपला की पुन्हा लहान. मात्र त्याच उंदरांना दिवसा खायला घातलं, तेव्हा ही भरती-ओहोटी थांबली. उंदीर तोच, अन्न तेच. बदलली होती फक्त जेवणाची वेळ.

म्हणजे खाटकाच्या दुकानात आपण जिला कलेजी म्हणतो, तिला वेळ कळते! आपलं लिव्हर साधारण दीड किलोचं, आणि त्याच्या पेशीपेशीत घड्याळ आहे. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर लागतं, लिव्हरचं मात्र मुख्यतः जेवणावर. आपण रात्री दोन वाजता खारी खाल्ली, तर मेंदू म्हणतो रात्र आहे आणि लिव्हर म्हणतं, दिवस उजाडलेला दिसतोय.

हे समजून घ्यायला मालेगावइतकं चांगलं गाव नाही. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी मोसम नदीकाठच्या या गावात माग रोवले. हातमागाचे यंत्रमाग झाले आणि त्यांची खटखट दिवसपाळी, रात्रपाळी अशी चालू राहिली. गाव दोन पाळ्यांत जगतं, आणि लिव्हरही.

पहिली पाळी साठवणीची. आपण जेवलो की इन्सुलिन नावाचा मुकादम हाक देतो आणि लिव्हर रक्तातली साखर गुंडाळून ठेवायला लागतं. साखरेचा हा साठा शंभरेक ग्रॅमचा. तो भरल्यावरही साखर येतच राहिली, तर लिव्हर तिची चरबी करतं. दुसरी पाळी उलगडण्याची. जेवण थांबून बरेच तास झाले, मुकादम घरी गेला, की आधी साठवलेली साखर सुटते. दहा-बारा तासांत ती बरीच उतरली, की चरबी जाळण्याचा जोर वाढतो. पण सकाळी सहाचा गोड चहा, मग नाश्ता, जेवण, भजी, पुन्हा चहा, रात्री बाराला आणखी काही, असा दिवस गेला तर मुकादम जागेवरून हलतच नाही. साठवणीची पाळी संपत नाही आणि चरबी साचत जाते. लिव्हरमध्ये पाच टक्क्यांहून जास्त चरबी झाली, की त्याला फॅटी लिव्हर म्हणायचं. दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही ते होतं, आणि बहुधा काही दुखत नाही. पोटाची सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी केलेली असते आणि रिपोर्टात ‘ग्रेड १’ लिहून येतं.

आता मोबाइलची गोष्ट. ओडिशात जन्मलेले सच्चिदानंद पांडा कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत काम करतात. २०१२ साली त्यांच्या गटाने उंदरांना चरबीयुक्त खाद्य दिलं. काहींना ते चोवीस तास खुलं, काहींना रात्रीचे आठ तासच. दोन्ही गटांनी उष्मांक तेवढेच खाल्ले, पण आठ तासवाल्यांची लिव्हर चरबीपासून बरीचशी वाचली. मग प्रश्न आला, माणसं नेमकी किती तास खातात? विचारलं तर सगळे सांगतात, तीन वेळा जेवतो. म्हणून पांडांनी एक अॅप केलं. तोंडात काही टाकण्याआधी त्याचा फोटो काढायचा, बस. वेळ आपोआप नोंदली जाते.

२०१५ साली आलेल्या निष्कर्षांत तिथल्या निम्म्या माणसांचं खाणं दिवसातले जवळपास पंधरा तास चालू होतं. भारतात ९३ निरोगी माणसांनी २१ दिवस फोनने असेच फोटो काढले, तेव्हाही बहुतेकांचं खाणं पंधरा तासांहून लांबलेलं निघालं. सकाळपासून दुपारपर्यंत पोटात गेलेले उष्मांक तीस टक्क्यांहून कमी. खाणारा विसरतो, फोन विसरत नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ‘दोन वेळा जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा’ असं सांगितलं, आणि व्हॉट्सअॅपच्या गटांमधून हजारो माणसं एकमेकांची वजनं विचारू लागली. दोन वेळा खायचं की दर दोन तासांनी, यावर घराघरांत भांडणं झाली. जैनांचा चौविहार तर जुनाच, सूर्यास्तानंतर अन्नही नाही आणि पाणीही नाही. रमजानमध्ये मालेगावातले रोजेदार तेरा-चौदा तास उपाशी राहतात, पण तेव्हा खाणं रात्रीत येतं, म्हणून लिव्हरच्या घड्याळाला ते वेगळं वाटतं.

मग वेळ बांधली की काम झालं? चीनमधल्या ग्वांगझू इथे लठ्ठपणा आणि फॅटी लिव्हर असलेल्या ८८ रुग्णांवर वर्षभर प्रयोग झाला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच कमी केले होते. एकाला सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायचं होतं, दुसऱ्याला वेळेचं बंधन नव्हतं. लिव्हरची चरबी दोघांचीही उतरली, आणि जवळपास सारखीच. घड्याळाने वेगळी जादू दाखवली नाही. तरीही त्याचा उपयोग आहे. प्रत्येक भाकरीचे उष्मांक मोजत बसणं कुणाला जमतं? ‘सातनंतर नाही’ हे मात्र लक्षात राहतं, आणि रात्रीची भजी न मोजताच गळतात. वजन सात ते दहा टक्के उतरलं, तर लिव्हरची सूजही ओसरू शकते.

आणि रात्रपाळीवाल्याचं काय? सॅन दिएगोमधल्या १३७ अग्निशमन जवानांची ड्यूटी चोवीस तासांची. त्यांच्यातल्या अर्ध्यांनी बारा आठवडे दहा तासांच्या आत खायचं ठरवलं, सोबतीला तेच अॅप. त्यांना ते जमलं, आणि रक्तातल्या चरबीच्या कणांतही काही चांगले बदल दिसले. दहा तास कुठले, हे ज्याने त्याने आपल्या पाळीप्रमाणे ठरवावं. मागावरच्या माणसालाही हे अशक्य नाही.

एका लिव्हरला मात्र हा नियम उलटा लागतो. सिरॉसिस होऊन निबर झालेलं लिव्हर पुरेशी साखर साठवू शकत नाही. त्याची एक उपाशी रात्र म्हणजे निरोगी माणसाचे दोन-तीन उपाशी दिवस. म्हणून डॉक्टर अशा रुग्णाला झोपण्याआधी मुद्दाम खायला सांगतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.

बाकीच्यांनी आज एवढंच करावं. पहिल्या चहाचा फोटो काढावा आणि शेवटच्या घासाचा. दोन फोटोंमधले तास मोजावेत. चोवीसातून ते वजा केल्यावर जे उरतं, फार तर तेवढीच आपल्या लिव्हरची दुसरी पाळी.