काड्यापेट्यांचे शंटिंग

आमच्या पालमला रेल्वे नाही. आगगाडी पाहायची तर एस.टी.ने गंगाखेड गाठायचे. परभणी-परळी मार्गावरचे ते आम्हाला जवळचे स्टेशन. कदाचित म्हणूनच आमच्या घरातल्या दोन मुलांना रेल्वेचे एवढे वेड! सुटीत त्यांनी बुटांच्या खोक्यांची गाडी केली, खडूने गोल रूळ काढले आणि दोन दिवसांत कंटाळून ती माळ्यावर टाकली. थोरला म्हणाला, "बाबा, नुसती गोल गोल फिरते. तिला कामच नाही!"

त्याचे म्हणणे आम्हाला पटले. तेव्हा गाडी काम कशी करते हे दाखवायला दोघांना घेऊन आम्ही परळीला गेलो.

परळीच्या औष्णिक वीजकेंद्राची सुरुवात 1971 सालची. त्याचा कोळसा रेल्वेने येतो. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले, म्हणजे कोळसा असून भागत नाही, हेही मुलांना सांगितले. कोळशाच्या एका गाडीला साधारण 58 उघड्या वाघिणी असतात आणि जुन्या पद्धतीच्या एका वाघिणीत सुमारे 58 टन कोळसा मावतो. मुलांनी फलाटावरच गुणाकार केला. तीन हजार टनांच्या वर!

पण मुले रमली ती शंटिंग पाहण्यात. इंजिन सुटते, पुढे जाते, सांधा बदलतो, तेच इंजिन दुसऱ्या रुळावरून मागे येते. नको ती वाघीण बाजूला, हवी ती पुढे. या सगळ्याचा सूत्रधार खाली उभा असलेला सांधेवाला. हिरवे निशाण अंगासमोर आडवे हलले की इंजिनाने त्याच्याकडे यायचे, खालीवर हलले की दूर जायचे. डोक्यावर धरून मनगटाने फिरवले की वाघीण जोडायची आहे, हळू या. आताच्या वाघिणींचे कपलिंग धडकेने आपोआप अडकते, पण ब्रेकच्या हवेची नळी माणसालाच मध्ये शिरून जोडावी लागते. धाकटीला राहवेना. तिने हाक मारली, "मामा, हात नाही सापडत?" ते हसले. "इंजिन थांबल्याबिगर आत जातंय कोण, बाई!"

आमच्या नात्यातले एक आजोबा रुळांवर गँगमन होते. नोकरीला लागले गँगमन म्हणून आणि निवृत्त झाले तेही गँगमन म्हणूनच. 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आपला माणूस जन्मभर गँगमनच राहतो, त्याला साधी पोर्टरची जागाही मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला स्वतःच्या घरकामालाही लावतो आणि घरात अस्पृश्याचा हात चालत नाही, हे बाबासाहेबांनी तिथे स्पष्ट सांगितले. परतीच्या गाडीत मुलांना हे सांगितले तेव्हा धाकटीने एकच विचारले, "मग आजोबांना निशाण धरायला मिळालंच नाही?" नाही मिळाले.

घरी आल्यावर नवी गाडी करायची ठरली. छोट्या रेल्वेचा शौक खर्चाचा. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी 1998 साली तिचे संग्रहालयच उभारले. या शौकात 'एच.ओ.' नावाचे माप सर्वांत चालते, म्हणजे खऱ्याच्या 87 वा भाग. त्या मापाने कोळशाची एक वाघीण सव्वाबारा सेंटिमीटरची होते आणि 58 वाघिणींची गाडी सात मीटरच्या वर जाते. आमचे घर उंबऱ्यापासून मागच्या दारापर्यंत तेवढे नाही! तेव्हा काड्यापेट्याच बऱ्या.

ॲलन राइट या इंग्रज शौकिनाने थोड्या जागेतला शंटिंगचा एक खेळ काढला आहे. तो फरशीवर सहज होतो. खडूने एक रूळ काढा आणि त्याला दोन सांधे देऊन तीन फाटे फोडा. एका फाट्यात पाच पेट्या मावाव्यात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. अलीकडच्या टोकाला इंजिन आणि तीन पेट्या एवढीच जागा ठेवा, जास्त नको, नाहीतर मजा जाते. आठ पेट्यांवर आकडे घाला. पाच पेट्या लांब फाट्यात आणि तीन एका आखूड फाट्यात उभ्या करा. मग चिठ्ठ्या टाकून पाच आकडे काढा आणि त्याच क्रमाने त्या पाच पेट्यांची गाडी लांब फाट्यात लावा. पेटी उचलायची नाही, इंजिनानेच ओढायची किंवा ढकलायची. असे क्रम 6,720 निघतात, तेव्हा सुटी पुरून उरेल.

एक ताकीद. मुलांना खरे शंटिंग दाखवायचे ते फलाटावरून किंवा पुलावरून. रुळांत शिरणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि ढकललेली वाघीण आवाज न करता येते.

आमच्या घरी खेळाला एक नियम वाढला आहे, धाकटीचा. एकाने इंजिन चालवायचे, दुसऱ्याने सांधेवाला व्हायचे. निशाण हलण्याआधी पेटी जोडली तर ती चाल बाद. थोरल्याच्या निम्म्या चाली बाद होतात.