पेढी मुलाच्या हाती, घर पोर्तुगालमध्ये?

पेढीवरची गादी मुलाकडे सोपवल्यानंतर उरलेली वर्षे कोठे काढावीत, हा प्रश्न एके काळी आपल्या घरांत विचारलाच जात नसे. घर तेच, स्थानक वा मंदिर तेच, आणि संध्याकाळचे प्रतिक्रमणही त्याच मंडळींसमवेत. आता एक मुलगा लंडनला, मुलगी अँटवर्पला असते. मग त्यांच्याजवळ, पण स्वस्त अशा देशात घर करावे, असा विचार बैठकीत निघतो. अशा वेळी पोर्तुगालचे नाव हमखास पुढे येते.

त्याला कारणही आहे. तेथे बसून मिळणाऱ्या उत्पन्नावर राहू इच्छिणाऱ्यांसाठी डी-7 नावाचा व्हिसा आहे. उत्पन्नाची अट तेथील किमान वेतनाशी जोडलेली असते. 2025 मध्ये ती एका व्यक्तीस दरमहा 870 युरो होती आणि जोडीदारासाठी तिच्या निम्मी रक्कम अधिक. म्हणजे पती-पत्नीस 1,305 युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर महिना सुमारे एक लाख तीस हजार रुपये. शिवाय तेथील बँकेत शिल्लक आणि राहत्या जागेचा करार दाखवावा लागतो.

व्यापाऱ्याने येथे थांबून विचार करावा. आपल्याला पेन्शन नसते. पेढीचा नफा कितीही असला, तरी तो धंद्याचा. या व्हिसासाठी भाडे, व्याज, लाभांश असे उत्पन्न हवे आणि तेही कागदावर, स्वतःच्या नावावर. गाळ्याचे भाडे एकत्र कुटुंबाच्या खात्यात जमा होत असेल, तर अर्ज करण्याआधी घरातच हिशेब वेगळे करावे लागतील. हे बोलणे वाटते तितके सोपे नसते. वर्षातील 183 दिवसांहून अधिक वास्तव्य झाले, की पोर्तुगाल आपल्या जगभरच्या उत्पन्नावर कर मागतो. भारताशी दुहेरी करटाळणीचा करार असल्याने येथे भरलेल्या कराची वजावट मिळते. मात्र परदेशी निवृत्तांना ज्या करसवलतीने वर्षानुवर्षे तिकडे ओढले, ती 2024 पासून नव्या येणाऱ्यांसाठी बंद झाली आहे. जुन्या माहितीवर विसंबणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. स्वस्ताईही आता लिस्बन वा पोर्तो येथे शोधू नये. तेथील भाडी फार वाढली आहेत. ती विझेऊ, कास्तेलो ब्रांको अशा आतल्या गावांत मिळते; पण तेथे हिवाळा बोचरा असतो आणि जुन्या घरांत ऊब राखण्याची सोय बहुधा नसते.

पैशाचा हिशेब जमला, तरी दिवसांचा हिशेब उरतोच, आणि आपल्यासाठी तोच अवघड आहे. पहिला रहिवास परवाना दोन वर्षांचा असतो. त्या मुदतीत सलग सहा महिने, अथवा तुटक मिळून आठ महिने, याहून अधिक काळ देशाबाहेर राहता येत नाही. सबळ कारण दाखवता आले तर गोष्ट वेगळी. आता चातुर्मास चार महिन्यांचा. दोन वर्षांचे दोन चातुर्मास भारतात केले, की आठ महिने भरले! मध्ये नातवाचे लग्न निघाले, कोणी आजारी पडले, तर शिल्लक शून्य. आणि 2023 सारखा अधिक श्रावण आला, तर चातुर्मासच पाच महिन्यांचा होतो. गंमत अशी, की पोर्तुगालमधील उन्हाचे, कोरडे दिवस नेमके याच काळात येतात. आपण परत जाऊ तेव्हा तेथे पाऊस आणि गारठा.

चातुर्मासासाठी इकडे यावेच लागते, कारण आपले साधू-साध्वी पायी विहार करतात. समुद्रापलीकडे त्यांचे पाऊल पडत नाही. आचार्य तुलसी यांनी 1980 मध्ये सुरू केलेल्या समणश्रेणीतील समणींना प्रवासाची मुभा आहे, पण त्यांची परदेशातील केंद्रे मोजकी. लंडन, लेस्टर वा अँटवर्पसारखा मोठा संघ पोर्तुगालमध्ये नाही. लिस्बनच्या लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे. दीवहून मोझांबिकला आणि तेथून पोर्तुगालला गेलेल्या गुजराती कुटुंबांचा त्या समाजात मोठा वाटा आहे. गुजराती बोलणारे शेजारी मिळतील, पर्युषणातील व्याख्यान मिळणार नाही.

आहाराची भीती मात्र वाटते तेवढी नाही. डिसेंबरात लिस्बनचा सूर्य सव्वापाचला मावळतो, जूनअखेर रात्री नऊनंतर. चउविहार दोन्ही ऋतूंत पाळता येतो, फक्त जेवणाची वेळ वर्षभर सरकत राहते. हरभरा, वाल, कोबी, ऑलिव्हचे तेल सर्वत्र मिळते. 2017 च्या कायद्याने सरकारी रुग्णालयांच्या उपाहारगृहांतही प्राणिजन्य पदार्थरहित जेवणाचा एक पर्याय बंधनकारक केला आहे. कांदा, लसूण आणि बटाट्यापासून मात्र तो कायदा वाचवत नाही. सेरा दा एस्त्रेला हे तेथील प्रसिद्ध चीज तर प्राण्याच्या रेनेटने नव्हे, एका काटेरी वनस्पतीच्या फुलांनी विरजतात, हे अनेकांना ठाऊक नसेल.

आणखी एक गोष्ट दलालाच्या यादीत कधीच नसते. घरातील वडीलधाऱ्यांनी दिग्व्रत घेतले असेल, तर कोणत्या दिशेला किती अंतराची मर्यादा ठेवली होती, हे आधी त्यांनाच विचारावे. कित्येकांनी ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, मुले परदेशी जाण्याआधी घेतलेली असते, आणि संकोचापोटी ते बोलत नाहीत.

ज्यांचे हे सारे जुळत असेल, त्यांनीही येथील घर लगेच विकू नये. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येते. ते दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी असे निवडावेत, भाड्याचे घर आतल्या गावात घ्यावे, आणि सामायिकाची वेळ, औषधाचे दुकान, डॉक्टरांशी पोर्तुगीजमधून बोलणे हे सारे मुलांच्या मदतीवाचून करून पाहावे.